पोस्टरच्या तळाचे दोन इंच

आमच्या घरात एक जुनं पोस्टर आहे. त्यावर वक्त्यांची यादी आहे आणि यादीत सगळ्यात शेवटी, सगळ्यात बारीक अक्षरांत माझ्या आईचं नाव आहे. मला ते नाव दिवाणखान्याच्या भिंतीवर दिसायला हवं होतं. आईला ते दिसायला नको होतं. गेल्या डिसेंबरातले आमचे दोन आठवडे या एका मुद्द्यावर गेले आणि त्यात मी चुकले. चूक मान्य करायची तर ती छापून करावी, असं मला लहानपणापासून शिकवलेलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही दिल्लीत मयूर विहारला राहतो, सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. बाबा कोपर्निकस मार्गावर सरकारी कचेरीत नोकरीला होते, आई हिंदूराव हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती. दोघंही आता रिटायर झालेत. दोघंही मूळचे विदर्भातले आणि तरुणपणी चळवळीतले. सरकारी नोकरी लागल्यावर चळवळ थांबली, पण तिचे कागद थांबले नाहीत. ते पेट्या भरून दिल्लीला आले आणि माझ्या वाट्याला आले. मी मुळाक्षरं पत्रकांवरून शिकले. त्यामुळे मला ‘निषेध’ हा शब्द ‘निळा’च्या आधी लिहिता येत होता. दुसरीत हिंदीच्या बाईंनी ‘मेरी माँ’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या, तेव्हा मी आईच्या पाच मागण्या लिहिल्या होत्या. त्यातली चौथी कुकरच्या शिट्टीबद्दल होती.

आमच्याकडे निर्णय बैठकीत होतात. ही पद्धत बाबांनी लग्नानंतर सुरू केली, तेव्हा सभासद दोनच होते आणि बरीच कामं अडून राहायची. माझा जन्म झाल्यावर बरोबरीचा प्रश्न सुटला. सूचक, अनुमोदक, चर्चा, मतदान. फ्रिज, पडद्यांचा रंग, माझं कॉलेज, सगळं याच क्रमानं झालं. माझ्या लग्नाचा विषय बाबांनी एकदा ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली आणला होता. तो एक विरुद्ध दोन मतांनी पडला. आईनं माझ्या बाजूनं हात वर केला होता, पोळपाटासमोर बसून, पिठाचा हात. इतिवृत्त मी लिहिते. चौथी वही चालू आहे.

पोस्टर मला लोखंडी पेटीत सापडलं, आजीच्या एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात. घडी घालून ठेवलेलं, घड्यांवर चिरलेलं, चहासारखं पिवळं. वर तळहाताएवढ्या लाल अक्षरांत ‘जाहीर सभा’ आणि पुढे उद्गारचिन्ह. खाली निळ्या शाईत विषय: रखडलेली शिष्यवृत्ती आणि मुलींचं वसतिगृह. मग पाच वक्ते. चार पुरुष, मोठ्या टाइपात. पाचवी माझी आई, ‘कु.’ लावून, ज्या आडनावानं तिला आता कोणी ओळखत नाही त्या आडनावासकट. सगळ्यात खाली छापखान्याचं नाव होतं, ते वाळवीनं खाल्लं होतं. वाळवी आईच्या नावापासून बोटभर अंतरावर थांबली होती.

या पोस्टरबद्दल मी ऐकून होते. बाबा वर्षातून एकदा तरी सांगायचे, “तुझी आई वक्ता होती, अशी तशी नव्हे.” मी विचारायचे, भाषण कशावर केलं? ते म्हणायचे, “पोस्टरवर नाव होतं की!” मला ते उत्तर वाटायचं. तेवढ्या आधारावर मी मागच्या वर्षी एका नियतकालिकात लेख लिहिला होता, चळवळीतल्या बायकांची नावं कशी पुसली जातात यावर. त्यात ‘माझी आई सभा गाजवत असे’ असं वाक्य आहे. ‘गाजवणे’ हे क्रियापद मी कुठून आणलं मला माहीत नाही. लेख आईनं पूर्ण वाचला. “छान लिहिलंय,” म्हणाली, “माझा दुसरा चष्मा पाहिलास का कुठे?”

तर पोस्टर सापडलं, आणि दोन आठवड्यांनी रविवारी आमच्या अभ्यासवर्गाची पाळी आमच्या घरी होती. दर महिन्याला आम्ही आठ-दहा जण कुणाच्या तरी घरी जमतो आणि एखाद्या विषयावर वाचून बोलतो. मी ठरवलं की त्या दिवशी पोस्टर भिंतीवर असेल.

आधी मी बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे गेले. त्यानं पोस्टर उलगडलं, लांब धरून पाहिलं आणि विचारलं, “मैडम, गोल्डन लगा दूँ?”

मी त्याला समजावलं की हे आंदोलनाचं पोस्टर आहे, रस्त्यावरच्या भिंतीसाठी छापलेलं आहे, त्याला सोनेरी चौकटीत आणि काचेमागे घालणं म्हणजे त्याचा पराभव आहे. काचेमागे गेलेली गोष्ट फक्त पाहण्यापुरती उरते. लोक तिच्यात स्वतःचं प्रतिबिंब बघून केस सारखे करतात.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. “तो फिर नॉन-रिफ्लेक्टिव ग्लास ले लो,” म्हणाला.

मी पोस्टर घेऊन घरी आले. फ्रेम घरीच करायची ठरली. फ्रेम नव्हेच, दोन पट्ट्या. वर एक लाकडी पट्टी, खाली एक लाकडी पट्टी, प्रत्येक पट्टीला मागून तिची जोडीदार पट्टी, मध्ये कागद दाबलेला आणि वरच्या पट्टीला सुतळी. काच नाही, चौकट नाही, कागदाला खिळा नाही. शाळेत नकाशे असे टांगलेले असायचे. लक्ष्मीनगरच्या एका सुताराकडून मी दीड इंच रुंदीच्या चार पट्ट्या कापून आणल्या आणि पॉलिश पेपरनं घासत बसले.

बाबांचा मूळ कल्पनेलाच विरोध होता. त्यांच्या मते पोस्टर टांगायचं नसतं, चिकटवायचं असतं. “टांगली की ती तसबीर झाली,” ते म्हणाले. “आपल्याकडे दोन तसबिरी आहेत. पुरेत.”

“मग काय भिंतीला थेट चिकटवू?”

“आम्ही काय करायचो?”

“बाबा, तुम्ही परक्याच्या भिंतीला चिकटवायचात.”

हा मुद्दा त्यांना पटला. भिंतीला गेल्याच दिवाळीत प्लास्टिक पेंट दिला होता.

आईला मात्र पट्ट्यांची कल्पना एकदम आवडली. आईला माझी कुठलीही कल्पना एकदम आवडत नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. ती सोफ्यावर येऊन बसली, एक पट्टी उचलून तिनं पोस्टरच्या तळाशी आडवी ठेवून पाहिली. पट्टी बरोबर तिच्या नावावर बसली.

“अशीच लाव,” ती म्हणाली. “बिल्कुल अशीच.”

“अगं आई, तुझं नाव झाकलं जातंय.”

“तळाला कागद कुरतडलाय. झाकलेलाच बरा.”

“पण नावासाठीच तर लावतेय मी!”

“सभेसाठी लाव. विषय चांगला आहे. वसतिगृह शेवटी झालं म्हणे.”

मी म्हटलं, चळवळीत हेच होतं. बायकांची नावं तळाला छापायची आणि तळ कुरतडला की पट्टी मारायची. हे मी माझ्या लेखात लिहिलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. आई म्हणाली, “हो, वाचलं मी,” आणि भाजी निवडायला आत गेली.

मला वाटलं हा तांत्रिक प्रश्न आहे. तांत्रिक प्रश्नावर तांत्रिक उत्तर असतं. दोन दिवस वाचून मी ते शोधलं: पोस्टरला मागून पातळ हातकागदाचं अस्तर लावायचं, पोस्टरपेक्षा वर-खाली दोन-दोन इंच मोठं. मग पट्ट्या अस्तराला धरतील, पोस्टरला हात लागणार नाही, कुरतडलेली कडाही अस्तरावर सपाट बसेल, आणि छापलेली एक मात्रासुद्धा झाकली जाणार नाही. मेट्रोनं चावडी बाजारात जाऊन कागद आणला. अस्तर चिकटवायला खळ हवी होती. खळ म्हणजे मैद्याची पातळ पेज. जुने कागद दुरुस्त करणारे तीच वापरतात, कारण चूक झाली तर पाण्यानं सुटते.

खळ म्हटल्यावर बाबांचा विरोध मावळला. ते खुर्चीतून उठले. एवढ्या वर्षांत त्यांना असं उठताना मी फक्त निवडणुकीच्या निकालाला पाहिलं आहे.

“मोरचूद टाकावं लागेल चिमूटभर,” ते म्हणाले. “नाहीतर झुरळं खातात.”

“माझ्या पातेल्यात मोरचूद नाही घालायचं,” आतून आई.

“अगं, चिमूटभर.”

“विष आहे ते. मी पोटं धुतलीत लोकांची.”

शेवटी रंगाच्या रिकाम्या डब्यात खळ शिजली. बाबा ढवळत होते आणि मला सांगत होते की गुठळी झाली तर पोस्टरला फोड येतो आणि फोड आला की समोरच्या पक्षाचा माणूस नखानं सोलतो. आम्ही जेवणाच्या टेबलावर प्लास्टिक अंथरलं. पोस्टर पालथं घातलं. मला शाई फुटायची भीती होती म्हणून मी एका कोपऱ्याला ओला कापूस लावून बघत होते. बाबा म्हणाले, “छापखान्याची शाई आहे ती, तुझ्या प्रिंटरची नाही.” पाण्याचा बारीक फवारा मारला. घड्या हळूहळू सैल झाल्या. अस्तराला खळ लावून दोघांनी दोन टोकं धरून ते वर सोडलं आणि बाबांनी रुंद ब्रशनं मधून बाहेर, मधून बाहेर असा हात फिरवला. एकही फोड आला नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण ब्रश धुवायला गेले तेव्हा शीळ घालत होते.

आई दारात उभी राहून बघत होती.

“वाळायला किती दिवस?” तिनं विचारलं.

“ऊन असेल तर एक. या दिवसांत दिल्लीत तीन.”

“आणि मग सुटत नाही?”

“पाण्यानं सुटतं. का?”

“काही नाही. विचारलं.”

चौथ्या दिवशी पोस्टर वाळून कडक झालं होतं आणि लाल अक्षरं कालच छापल्यासारखी दिसत होती. आईनं ते पाहिलं आणि म्हणाली की खालचं अस्तर फारच पांढरं दिसतंय, पट्टी थोडी वर घेतली तर बरं दिसेल. मी म्हटलं, अस्तर चहाच्या पाण्यानं रंगवू. ती म्हणाली, नाव फार बारीक आहे, कोण वाचणार एवढं वाकून. मी म्हटलं, कमरेच्या उंचीवर लावू. ती म्हणाली, “अगं, पाहुणे विचारतील.”

“विचारू देत ना! तेच तर हवंय.”

मग मी ते केलं जे आमच्या घरात अडलेल्या विषयाचं केलं जातं. मी बैठक लावली.

ठराव असा होता: ‘पोस्टर संपूर्ण मजकुरासह, पाचही वक्त्यांची नावं दिसतील अशा रीतीने दिवाणखान्यात लावण्यात यावे.’ सूचक मी. अनुमोदन बाबांचं. चर्चेत मी सहा मिनिटं बोलले. पुसलेल्या नावांवर बोलले, स्त्रिया स्वतःच स्वतःला तळाला ढकलतात कारण त्यांना तसं शिकवलेलं असतं, यावरही बोलले. आई समोर बसून शेंगदाणे सोलत होती. बाबा म्हणाले, “आईचं नाव आहे, अभिमानाची गोष्ट आहे, यात चर्चा कसली.” मतदान झालं. ठरावाच्या बाजूनं दोन, विरोधात एक.

मी वहीत आकडे लिहिले. वही मिटणार तेवढ्यात आई म्हणाली, “माझा विरोध नोंदव.”

“नोंदवलाय. विरोधात एक.”

“नावानिशी नोंदव.”

आमच्या नियमांत ते बसतं. नावानिशी विरोध नोंदवायचा तर कारण द्यावं लागतं. हा नियम बाबांनी केला होता, आई कारण न देता विरोध करायची म्हणून. मी पेन घेऊन म्हटलं, “कारण?”

आईनं शेंगदाण्यांचं ताट बाजूला ठेवलं.

“मी त्या सभेला गेले नव्हते,” ती म्हणाली. “मला कोणी विचारलंच नव्हतं. चौकात भिंतीवर पोस्टर लागलं, ते दादानं पाहिलं. घरी येऊन त्यानं वडिलांना सांगितलं. मला घरी कळलं की मी वक्ता आहे. सभेच्या दिवशी दादा दारात खुर्ची टाकून बसला. मैदान आमच्या मागच्या गल्लीत होतं. भोंगा आमच्याच घराकडे तोंड करून बांधला होता. मी भाकरी करत होते. चौघांची भाषणं झाली, सगळी ऐकू आली. मग माझं नाव पुकारलं. थोडं थांबून परत पुकारलं. मग परत. मग म्हणाले, काही अपरिहार्य कारणास्तव. आणि टाळ्या वाजल्या. टाळ्या कशाच्या, ते मला अजून समजलेलं नाही.”

मी लिहायचं थांबले होते. आई म्हणाली, “लिही ना. कारण हवं होतं ना तुला.”

मी बाबांकडे पाहिलं. बाबा टेबलावरच्या प्लास्टिककडे बघत होते. ‘आमचं लग्न चळवळीत जमलं’ एवढंच ते नेहमी सांगत आले होते.

“नाव कोणी टाकलं होतं?” मी विचारलं.

“पोस्टरचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे होतं,” बाबा म्हणाले. “मुलींच्या वसतिगृहावर सभा, आणि पोस्टरवर एक मुलगी नाही. बरं दिसलं नसतं. आणि ही बैठकीला यायची. बोलायची चांगलं.”

“मागच्या रांगेत बसून दोनदा बोलले होते मी,” आई म्हणाली.

“चांगलं बोलली होतीस.”

“अहो, म्हणून काय छापायचं?”

मी वही उघडी ठेवून बसले होते आणि माझ्याच हस्ताक्षरात समोर लिहिलेलं होतं: बाजूनं दोन, विरोधात एक. त्या वेळच्या समितीनं निदान आईला खोलीबाहेर ठेवून तिचं नाव छापलं होतं. आम्ही तिला समोर बसवून, तिच्या हातात शेंगदाणे असताना, रीतसर बहुमतानं छापत होतो. मी सहा मिनिटं भाषण केलं होतं. पुसलेल्या नावांवर.

“ठराव मागे घेते,” मी म्हटलं.

“मागे कशाला घेतेस? माझं म्हणणं तरी विचार.”

“नाव दिसू द्यायचं का?”

“असं नाही. नीट विचार.”

मी नीट विचारलं. आई, पोस्टरवर तुझं नाव आहे, ते लोकांना दिसलेलं तुला चालेल का, नसेल तर मी पट्टी वर घेते आणि कोणालाही काही सांगणार नाही.

“दोन दिवस दे,” आई म्हणाली, आणि शेंगदाण्यांचं ताट उचलून आत गेली.

ते दोन दिवस पोस्टर जेवणाच्या टेबलावर पडून होतं आणि आम्ही खाली बसून जेवलो. मी नोएडाला ऑफिसला जात होते, परत येत होते, काही विचारत नव्हते. मला न विचारण्याची सवय नाही, त्यामुळे मेट्रोत माझं डोकं दुखायचं. माझा लेखही आठवत होता. नियतकालिकाच्या संपादकांना मी फोन करून सांगितलं की माझ्या लेखात एक वाक्य खोटं आहे, दुरुस्ती छापायची आहे. ते म्हणाले, “कोणतं वाक्य?” मी सांगितलं. ते म्हणाले, “अहो, तेच तर लेखात सगळ्यात जिवंत होतं.”

बाबा त्या दोन दिवसांत जरा जास्तच मदत करत होते. भाजी आणली, गिझर दुरुस्त करवून घेतला, आईचा दुसरा चष्मा शोधून काढला. आई “अच्छा” म्हणायची आणि चष्मा लावायची.

शनिवारी सकाळी आईनं मला एक पोस्टकार्डाएवढा कार्डपेपर दिला. वॉर्डमध्ये ती नोंदी करायची त्या सरळ, सुट्या अक्षरांत त्यावर तीन वाक्यं होती:

‘सर्वांत खालचे नाव माझे आहे. ते मला न विचारता छापले होते. मी सभेला गेले नाही.’

“नाव दिसू दे,” ती म्हणाली. “त्याच्या शेजारी हे लाव. दोन्ही नाहीतर एकही नाही.”

मी वाचलं. मी संपादनाचंच काम करते. हात शिवशिवले. म्हटलं, “आई, एक वाक्य वाढवू? तू का गेली नाहीस ते. मामा दारात बसला होता ते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की तूच...”

“वाटू दे. दादा वारला. तो आता येऊन बाजू मांडू शकत नाही. त्याचं नाही लिहायचं.”

“मग ‘न विचारता’ कोणी छापलं ते तरी? ‘आयोजकांनी’ असं घालू?”

“आयोजक तिकडे बसून पेपर वाचतायत. त्यांना विचार.”

बाबांनी पेपर खाली केला आणि कार्ड मागून घेतलं. बराच वेळ वाचलं. तीन वाक्यांना लागतो त्यापेक्षा बराच वेळ.

“‘न विचारता’च्या जागी ‘घाईत’ चालेल का?” त्यांनी विचारलं.

“घाई नव्हती,” आई म्हणाली. “चार दिवस होते.”

बाबांनी कार्ड परत दिलं. “हे कायम राहणार भिंतीवर?”

“पोस्टर राहील तोवर.”

“ठीक आहे,” बाबा म्हणाले. थोड्या वेळानं खळीचा डबा स्वतःच उघडून पाहिला, ती नासली होती, म्हणून नवीन केली. कार्ड त्यांनीच जाड पुठ्ठ्यावर चिकटवलं. एकही गुठळी नव्हती. मी पट्ट्यांना स्क्रू मारले. बाबांनी सुतळी बांधली. आईनं लांब उभं राहून डावीकडे, अजून डावीकडे, थोडं खाली असं सांगितलं. पोस्टर दोन तसबिरींच्या समोरच्या भिंतीवर लागलं आणि कार्ड त्याच्या तळाशी, आईच्या नावाच्या उजवीकडे.

रविवारी मंडळी आली. आमच्या वर्गात बहुतेक हिंदी बोलणारे आहेत, पण देवनागरी सगळ्यांना वाचता येते आणि मराठी थोडीफार समजते. चपला काढून प्रत्येक जण आधी लाल अक्षरांपुढे थांबायचा, “क्या बात है” म्हणायचा, मग वाकायचा. सरळ होऊन गादीवर जाऊन बसायचा.

आमच्यातली एक वकिली करते. तिला गप्प बसणं जमत नाही. तिनं कार्ड दोनदा वाचलं आणि खोलीत नजर फिरवून विचारलं, “आंटी, किसने छापा था बिना पूछे?”

आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. बाबांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

सगळे हसले. वकील नाही हसली. “अंकल, पूछा क्यों नहीं?”

बाबांनी हात खाली घेतला. या प्रश्नाला त्यांच्याकडे एक उत्तर होतं, मी ते ऐकलं होतं, मुलींच्या वसतिगृहाची सभा आणि पोस्टरवर मुलगी नाही वगैरे. ते उत्तर त्यांनी दिलं नाही.

“लगा था, मना कर देगी,” ते म्हणाले.

आईनं ट्रे टीपॉयवर ठेवला. तिला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. इतक्या वर्षांत ही एक गोष्ट तिच्या डोक्यात आली नसावी. ती मराठीत बोलायला लागली, फक्त बाबांशी, बाकीचे आम्ही तिथे नसल्यासारखी.

“मी हो म्हटलं असतं,” ती म्हणाली. “लगेच हो म्हटलं असतं. मग घरी मी सांगितलं असतं, माझ्या तोंडानं. वडिलांना कसं सांगायचं मला माहीत होतं. ते माझं ऐकायचे. चार दिवस होते माझ्याकडे. ते तुम्ही भिंतीला दिलेत.”

बाबा म्हणाले, “मला हे माहीत नव्हतं.”

“विचारलं नाहीत ना.”

“आता विचारतोय.”

“आता काय विचारताय?”

वर्गातले आठही जण ट्रेमधल्या कपांकडे बघत होते. मराठी किती जणांना समजलं माहीत नाही. बहुतेक सगळ्यांना समजलं असावं.

“काय बोलणार होतीस तू?” बाबांनी विचारलं. “वसतिगृहावर. बोलली असतीस तर.”

आई माझ्या शेजारची गादी ओढून बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, “आधी चहा घ्या सगळ्यांनी. जरा लांब आहे.”